मुलीच्या शेवटच्या सामन्यात मी वर केलेला झेंडा

इथे परदेशात कॉलेज म्हणतात ते हायस्कूलला. मुलीच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचा यंदाचा हंगाम वाईटच गेला. हिवाळाभर बहुतेक शनिवारी हरायचं आणि गाडीत ओल्या मोज्यांचा वास भरून मनुरेवाला घरी परतायचं. शेवटचा सामना ओटाहुहू उपनगरात होता. तो जिंकला तरच संघ वरच्या गटात राहणार होता.

रेफरी एकच असतो. कडेच्या रेषेवर झेंडा घेऊन पळायला दोन्ही संघांकडून एकेक पालक लागतो. आमच्याकडून कायम मीच. मला कुणाला नाही म्हणता येत नाही.

सामना संपत आला तरी गोल नव्हता. मग मधून एक लांब पास आला, माझी मुलगी बचावफळी मागे टाकून सुटली आणि तिने चेंडू जाळ्यात मारला. समोरच्या संघाचे पालक ओरडले, "ऑफसाइड!"

पास निघाला तेव्हाच ती शेवटच्या बचावपटूच्या पुढे गेली होती का, ते मला दिसलंच नव्हतं. धाप लागून मी बराच मागे राहिलो होतो. खात्री नसेल तर झेंडा खालीच ठेवायचा, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मी तिचा बाप आहे, हे आमच्या चेहऱ्यांवरूनच सगळ्यांना कळत होतं. इंडियन माणसाने स्वतःच्या पोरीसाठी लबाडी केली, असं कुणी म्हणायला नको होतं. मी झेंडा वर केला.

गोल रद्द झाला. आमच्या गोलकीपरचा सामोअन बाप मागून म्हणाला, "ब्रो, आता पलीकडेच जाऊन उभा राहा. ते तुला चहासुद्धा देतील!" लोक हसले. मीही हसलो. त्यानंतर गोल झालाच नाही.

गाडीत मुलीने विचारलं, "बाबा, वॉज आय ऑफसाइड? ऑनेस्टली."

"हो. थोडीशी होतीस."

"ओके." तिने फोन काढला आणि संघाच्या ग्रुपवर टाइप करताकरता ती हळूच वाचत गेली, "सॉरी गर्ल्स, माय फॉल्ट. आय वेंट टू अर्ली."

मी तिला थांबवायला हवं होतं. मी वायपर सुरू केले.

पुढच्या हंगामासाठी नाव देणार नाही, असं तिने परवा जेवताना सांगितलं. तिची आई म्हणाली, "अगं, एका गोलने काय होतं?"

"इट्स नॉट दॅट. आय कान्ट टाइम माय रन्स, मी आधीच पळत सुटते. बाबांनी पाहिलंय ना."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. एक वाक्य पुरलं असतं. मी आमटी वाढून घेतली.

आज सकाळी तिने फुटबॉलचे बूट धुतले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि ती ते जुन्या वस्तूंच्या दुकानात द्यायला निघाली. पाऊस होता, म्हणून मी तिला गाडीने सोडलं.