रांगेतली पहिली जागा

नाशिक रोडला आमची पिठाची गिरणी होती. म्हणजे यांची, माझ्या वाट्याला झाडू आणि खोकला. बहात्तरच्या दुष्काळात लोक रेशनची लाल मिलो ज्वारी दळायला आणत, तेव्हा हे दर दळणानंतर जात्यात अडकलेलं पीठ झाडून ज्याचं त्याला देत. त्यानं आमचं नाव झालं. नावावर चूल पेटत नाही, असं मी म्हणायची आणि हे नुसते हसायचे.

नियम एकच: ज्याचा डबा रांगेत आधी लागला, त्याचं दळण आधी. पण कितीही झाडलं तरी आधीच्याचं चिमूटभर पीठ पुढच्याच्या डब्यात उतरतंच. एका सकाळी आमच्या जुन्या गिऱ्हाईक, शाळेतल्या बाई, डबा घेऊन आल्या. रांगेत पहिला डबा बौद्ध वस्तीतल्या ताईंचा होता.

"माझं आधी घ्या हो. त्यांच्या मागून नको," बाई हळूच म्हणाल्या.

"रांगेप्रमाणे होईल," हे म्हणाले.

बाई डबा उचलून चालत्या झाल्या. बघता बघता गल्लीतले निम्मे डबे चौकातल्या नव्या गिरणीत जायला लागले. भांडण नाही, तंटा नाही. रस्त्यात भेटल्या की सगळ्याजणी गोड हसायच्या. मला त्या हसण्याचा वीट आला होता, आणि यांच्या ताठ मानेचाही.

मग एक दिवस ताईच आल्या. "भाऊ, आमचा डबा शेवटी लावत जा. आमच्यापायी तुमचा धंदा नको बसायला."

हे मान हलवून नाही म्हणाले. मला मात्र ताईंचाच राग आला. इतकं समजूतदार कुणी असू नये.

त्यानंतर त्या फिरकल्या नाहीत. डोक्यावर डबा घेऊन पार रेल्वेलाइनीपलीकडे दळायला जातात, असं कळलं. त्या येईनाशा झाल्या तसे बाकीचे डबे हळूहळू परत आले. बाईही आल्या, जणू काही झालंच नव्हतं. दाराशी, रांगेच्या तोंडाला जागा मोकळी होती. तिथं डबा ठेवायला त्या वाकल्या.

"तिथं नको," हे म्हणाले. "ती जागा ताईंची आहे. त्या जागेमागं ठेवा."

बाईंनी मुकाट्यानं डबा मागं ठेवला.

ताई काही परत आल्या नाहीत. गिरणी विकेपर्यंत ती मोकळी जागा मी रोज झाडून ठेवली.