दोन ठोके

मी किल्ल्या करतो. चाळीस वर्षं हेच करतोय. माझा स्वभाव तिरसट आहे असं सगळे म्हणतात, तर म्हणू देत. मला सांगायचंय ते वहिनींबद्दल, माझ्या थोरल्या भावाच्या बायकोबद्दल. भाऊ जाऊन सोळा वर्षं झाली, पण आमचं नातं काही त्याच्याबरोबर गेलं नाही, कारण आमच्यामध्ये एक भिंत होती.

म्हणजे असं, की जुन्या गल्लीत त्यांची खोली आणि माझी खोली एकाच भिंतीला टेकलेल्या. भाऊ आजारी पडला तेव्हा वहिनींनी एक सोय काढली. त्यांच्या बोटात कायम अंगुस्तान असायचं, सुई टोचू नये म्हणून घालतात ती पत्र्याची टोपी. त्यानं भिंतीवर ठोकायचं. एक ठोका म्हणजे चहा झालाय, या. तीन ठोके म्हणजे हातातलं टाकून पळत या. मी हातोडीच्या दांड्यानं उलट दोन ठोके द्यायचे. म्हणजे ऐकलं, निघालो. दोन ठोके मिळाले की त्या परत ठोकत नसत. मी येणार हे ठरलेलंच.

तीन ठोके दोनदाच वाजले. एकदा भावाची शुद्ध गेली तेव्हा, आणि एकदा स्टोव्हनं पेट घेतला तेव्हा. दोन्ही वेळा मी चप्पल न घालता पोचलो होतो.

वहिनी काजं-बटणं करायच्या. गल्लीत सहा शिंपी. शर्ट शिवून झाला की कोणीही दहा पावलं चालून तो वहिनींच्या उंबऱ्यावर टाकायचा आणि संध्याकाळी घेऊन जायचा. शर्टाबरोबर बातम्याही यायच्या. कुणाच्या मुलीचं कुठे जमतंय, कुणाची सासू रुसून बसलीय, सगळं वहिनींना घरबसल्या कळायचं. मी चिडवायचो, "वहिनी, तुम्ही काजं करता की चौकशी करता?" त्या म्हणायच्या, "भाऊजी, भोक पाडलं की पलीकडचं दिसतंच."

मग रस्ता रुंद करायचा ठरला आणि गल्ली उठली. घरं दिली, नाही असं नाही. पण चिठ्ठ्या टाकून दिली. वहिनींची चिठ्ठी शहराच्या एका टोकाला निघाली, सातव्या मजल्यावर, आणि माझी दुसऱ्या टोकाला. मी ऑफिसात जाऊन भांडलो. तिथला साहेब म्हणाला की घराचा आकार तोच आहे, उलट नळाला पाणी जास्त आहे, मग तक्रार कसली? मला भिंतीचं सांगायचं होतं, पण ते अर्जात कुठल्या रकान्यात लिहायचं, हे मला कळेना. घरी येऊन नुसता धुसफुसत बसलो.

तिकडे गेल्यावर वहिनींचं काम तीन महिन्यांत संपलं. सहा शिंपी सहा दिशांना गेले. एका शर्टाच्या काजांसाठी दोन बस बदलून कोण येणार? काम गेलं, पण अंगुस्तान बोटातून निघालं नाही. दिवसभर ते घालून खिडकीशी बसायच्या. एकदा फोनवर हसत म्हणाल्या, "आज सवयीनं भिंतीवर ठोकलं हो, भाऊजी. चहा झाला होता." मी विचारलं, मग? "मग काय, दोन्ही कप मीच प्यायले." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

एवढ्यात कुणीतरी मोबाइलवर जुन्या गल्लीचा ग्रुप काढला. एकशे बारा माणसं. सकाळी उठलं की फुलं, सुविचार, हात जोडलेले. वहिनींना मोठा आधार वाटायचा, म्हणायच्या सगळे परत एका ठिकाणी आले. मी म्हणायचो, कसलं ठिकाण घेऊन बसलात? त्या मोबाइलमध्ये सगळे सारख्याच अंतरावर असतात, म्हणजे सारखेच लांब. त्या म्हणायच्या, तुम्हाला कशातच चांगलं दिसत नाही.

आता मी केलेली चूक सांगतो. त्यांच्या नव्या शेजारी, भिंतीपलीकडे, एक मुलगी राहायला आली. नवरा बाहेरगावी कामाला आणि कडेवर तान्हं बाळ. ती स्वतःहून वहिनींना म्हणाली की काकू, तुम्ही एकट्या असता, एक किल्ली माझ्याकडे ठेवू का? वहिनींनी मला फोन करून विचारलं. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आजवर वहिनींची किल्ली माझ्याकडे होती आणि नव्या दाराचीही मीच केली होती. मी म्हटलं, "किल्ली ओळखीच्या माणसाकडे असावी. जन्म गेला माझा कुलपांत."

वहिनी म्हणाल्या, "ओळखीचं माणूस दोन बस लांब आहे हो."

"असू दे. मी येईन."

त्यांनी किल्ली दिली नाही. माझा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता.

त्यानंतर दोन महिन्यांनी, एका मंगळवारी, आठ वाजता त्यांचा मिस कॉल आला नाही. रोज चहा झाला की त्या एक रिंग द्यायच्या. साडेआठला मी फोन केला. नुसता वाजत राहिला. परत केला, परत वाजत राहिला. इमारतीच्या ऑफिसात फोन कोणी उचलेना. शेवटी ग्रुपवर लिहिलं की वहिनी फोन उचलत नाहीत, कोणी जवळ आहे का? पाच मिनिटांत उत्तरांचा पाऊस. काळजी करू नका. देवावर भरवसा ठेवा. आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत. जवळ मात्र कोणी नव्हतं. सर्वांत जवळचा शिंपी, तोही तासाभराच्या अंतरावर, आणि किल्ली माझ्या खिशात. एकशे बारा नंबर होते माझ्याकडे, पण वहिनींच्या भिंतीपलीकडचा एक नंबर नव्हता.

मी निघालो. पहिली बस लवकर मिळाली, दुसरी मिळेना. रिक्षा थांबेना. खिशातला मोबाइल सारखा थरथरत होता, दर वेळी वाटायचं वहिनी, आणि दर वेळी कोणीतरी हात जोडलेले असायचे. पोचायला साडेअकरा झाले.

किल्ली पहिल्याच फटक्यात फिरली. माझ्या हातची होती ना. चांगली किल्ली केल्याचा असा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

वहिनी पलंग आणि भिंत यांच्या मधल्या जागेत पडल्या होत्या. मोबाइल ओट्यावर, चार्जिंगला. उजवा हात भिंतीला टेकलेला आणि बोटात अंगुस्तान. मी हात धरला, तर तो अजून कोमट होता. मी तिथेच खाली बसलो आणि मोठ्यानं रडलो, लाज सोडून.

माझा आवाज ऐकून शेजारची मुलगी धावत आली. डॉक्टरला तिनंच बोलावलं. तो म्हणाला, पडून खुब्याचं हाड मोडलंय, मग हृदय थांबलं. गेल्याला तास-दीड तास झाला असेल. वेळेवर कोणी असतं तर, असं म्हणून त्यानं वाक्य तसंच सोडलं.

डॉक्टर गेल्यावर मुलगी दारात उभी राहिली. बाळ कडेवर, तोंड पांढरं पडलेलं. हळूहळू सांगायला लागली. सकाळी नऊच्या सुमाराला भिंतीवर ठकठक चालू होती. तीन ठोके, मग थांबायचं, मग परत तीन. बाळ रात्रभर किरकिर करून नुकतंच झोपलं होतं. तिला वाटलं, काकू खिळा मारतायत. काकू अधूनमधून ठोकायच्याच. तिला राग आला.

"मग मी पण इकडून दोनदा ठोकलं, काका. आवाज बंद करा म्हणून. तर त्या लगेच थांबल्या. परत ठोकलंच नाही त्यांनी."

मी त्या भिंतीकडे बघत राहिलो. त्या थांबल्या. दोन ठोके मिळाले होते त्यांना.

मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "काका, खरं सांगा. त्या मला बोलावत होत्या का?"

"तुला नाही," मी म्हटलं.