सदाला आणायला मुळशीला गेलो होतो

ताम्हिणीच्या ढाब्यावरचे भज्यांचे फोटो तुम्ही मला पाठवता आणि विचारता, "काका, तुमच्या वेळी कसं होतं?" आमच्या वेळी दमायला व्हायचं, हेच खरं उत्तर.

साल साठच्या आसपासचं. मी नुकताच बी.ए. झालो होतो. वर्गमित्र सदा आणि मी, दोघांनी मिळून एम.ए. करायचं असं आमचं ठरलं होतं. अर्जाची मुदत शनिवारी संपणार होती, आणि निकालानंतर गावी गेलेला सदा परतलाच नव्हता. एकट्याने अर्ज भरायला मन घेईना. म्हणून गुरुवारी मी त्याला आणायला निघालो.

पहाटेची एस.टी. धरली. शहराबाहेर बावधनला तेव्हा नुसती शेतं. आज तुम्ही जिथे गाडीत बसून वैतागता, तिथे आमच्या गाडीपुढे म्हशी होत्या. पौडला उतरून चहा आणि कालची भजी. पुढे दुसऱ्या गाडीने मुळशी, आणि तिथून दोन तास पायी, पावसात. चपलेचा अंगठा अर्ध्या वाटेत तुटला. परीक्षेपासूनचा शीण अंगात होताच, त्यात ही भर.

सदा भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात होता. "आलास व्हय? उतर खाली," म्हणाला. उतरलो. अंधार पडेपर्यंत वाकून आवणी केली, म्हणजे भाताची रोपं लावली. माझ्या ओळी इतक्या वाकड्या की मागून येणाऱ्या बाया त्या मुकाट्याने उपटून परत लावत होत्या.

जेवताना मी विषय काढला. सदा म्हणाला, "बाचा पाय मोडलाय. आज अकरा घरची मानसं सावडीनं आलीत. आता अकरा घरी मला जायला पायजे." सावडीत मजुरी नसते. ज्याने तुमच्या शेतात दिवस दिला, त्याच्या शेतात तुम्ही दिवस द्यायचा.

"तोवर मुदत संपेल."

"संपंल की."

"मग पुढच्या वर्षी?"

"फुडल्या वर्षी बी आवणी हायेच," तो म्हणाला आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मी चिडलो होतो, पण चिडायचंही त्राण नव्हतं.

सकाळी निघताना त्याची आई म्हणाली, "तू बी काल दिसभर राबलास. तुजी सावड आमच्यावर ऱ्हायली. तुज्या घरी काम निघालं का सांग, सदा यील."

माझं सदाकडे एकच काम होतं. ते त्या माउलीला सांगायची लाज वाटली. "बरं" म्हणालो आणि वाटेला लागलो.

शनिवारी ठणकती कंबर घेऊन अर्जापुढे बसलो. नाव लिहिलं, विषय लिहिला, पुढे लिहवेना. मला एम.ए. नको होतं, सदाची सोबत हवी होती, हे तेव्हा स्वच्छ कळलं आणि फार वाईट वाटलं. जेवून झोपलो. उठलो तेव्हा कचेरी बंद झालेली होती.

पुढे का शिकला नाहीस, असं कुणी विचारलं की घरची परिस्थिती नव्हती, असं सांगत आलो. घरी सगळं ठीक होतं.