हात फिरवायचा नाही

कोरपन्याच्या शाळेतले चित्रकलेचे कमरुद्दीन सर एकोणीसशे नव्व्याण्णवच्या एक जानेवारीला सायकलवरून उतरले ते जवळजवळ नाचतच! खिशातला खडू काढला आणि चित्रकलेच्या खोलीच्या दारावर ठळक अक्षरांत लिहून टाकलं, 'या वर्षी पोरांच्या चित्रावर सर हात फिरवणार नाहीत.' खाली तारीख, सही, सगळं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात काय एवढं? अहो, वीस वर्षं त्या शाळेत चित्र पुरं करायची रीतच ती होती! पोरानं कागद आणायचा, "सर, हात फिरवून द्या ना" म्हणायचं, आणि सरांनी दोन मिनिटांत डोंगर, झोपडी, नदी कशी चकाचक करून द्यायची. सव्वीस जानेवारीच्या तालुका प्रदर्शनाची ढाल पाच वर्षं याच हातानं राखली होती. मागच्या खेपेला मात्र वरोऱ्याहून आलेल्या परीक्षकांनी शाळेची बारा चित्रं पाहिली आणि हसून विचारलं, "कमरुद्दीनभाऊ, ही बाराही तुमचीच का?" बिचारे सर! ढाल घेऊन घरी आले आणि दोन दिवस धड जेवले नाहीत.

मुख्याध्यापक हरिदास सरांनी दार वाचून कपाळाला हात लावला. "ढाल गेली तं मले तोंड दाखवू नका!"

"दाखवीन ना, अन् हसत दाखवीन!"

बोलून गेले खरे, पण हात कुठे ऐकतो? पहिल्याच आठवड्यात तीनदा पेन्सिलीकडे गेला. शेवटी सरांनी स्वतःच्या पेन्सिली घरच्या पेटीत टाकून किल्ली बायकोकडे दिली. "या अल्ला! पेन्सिलीले कुलूप लावनारा मास्तर पहिल्यांदा पाहून राह्यली मी," सुलताना म्हणाली आणि पोट धरून हसली.

मग आली सोमारी. आठवीतली, जंगलाकडच्या गुड्यावरून, म्हणजे आदिवासी वस्तीवरून, पायी शाळेत येणारी. तिचं चित्र सरांनी दोनदा उलटसुलट फिरवून पाहिलं. पहाटे मोहफुलं वेचणाऱ्या बाया, फुलं दिसावीत म्हणून जाळलेल्या पाचोळ्याची काळी जमीन, तिच्यावर पिवळी फुलंच फुलं. जमीन पार कागदाच्या वरच्या काठापर्यंत!

"आभाळ कुठी हाय, सोमारी? परीक्षक मार्क कापतीन ना!"

बोटं शिवशिवत होती. वर एक निळा पट्टा ओढला की काम फत्ते, ढाल घरात!

"मोहा येचताना वर कोन पाह्यते, सर?"

सरांनी हात खिशात कोंबला. आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. वीस वर्षांत एकाही पोरानं त्यांना असं उलटून विचारलं नव्हतं, आणि का विचारेल? ते विचारूच कुठे देत होते! "तसंच राहू दे," ते म्हणाले, "एक रेघबी बदलवू नको."

प्रदर्शनात तेच परीक्षक त्या चित्रापुढे बराच वेळ थांबले. "यावर हात कोणी फिरवला गं?"

"कोनीच नाई," सोमारी म्हणाली. "सरले मोहा नाई काढता येत."

हरिदास सरांनी डोळे मिटून घेतले. आणि कमरुद्दीन सर अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असे ओरडले, "खरं हाय, साहेब! मले नाईच येत!"

ढाल गेली दुसऱ्या शाळेला. हरिदास सर चार दिवस ढालीच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवत फिरले. इकडे आपले सर पुढच्या पोरांची चित्रं बघत वर्गभर भिरभिरत होते, हात पाठीमागे बांधून.

मार्चअखेरीस मोहा गळू लागला, तशी त्यांनी सुलतानाकडून किल्ली मागून घेतली आणि एका पहाटे सोमारी आणि तिच्या आईमागून टोपली घेऊन निघाले. तासाभरात कंबर मोडली, टोपलीचा तळसुद्धा झाकला नाही. मग झाडाखाली बसून त्यांनी कागद काढला. कित्येक वर्षांनी समोर पाहून चित्र काढलं, आणि पहिलीतल्या पोरासारखे धावत सोमारीकडे गेले.

"पाह्य बरं, जमलं का?"

सोमारीनं कागद नीट न्याहाळला आणि खुदकन हसली.

"सर, तुमीबी आभाळ नाई काढलं!"