बंदूक जमा झाली, जीप राहिली

आमच्या घरात बंदुकीच्या पेटीची किल्ली नानांच्या करगोट्याला असायची आणि जीपची किल्ली पडवीतल्या खिळ्याला. नाना म्हणजे माझे वडील. बंदूक बारा बोअरची, आजोबांच्या वेळची, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. उसात बिबट्या आल्याची हाळी उठली की नाना ती काढून हवेत बार उडवत आणि लगेच पेटीत ठेवून देत. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, मिशा फुटल्या तरी त्यांनी बंदुकीला हात लावू दिला नाही. जीप मात्र ज्याला पाहिजे त्यानं न्यावी. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीसुद्धा.

खंडेनवमीला दोघींना सारखा मान. अंगणात पाटावर बंदूक, कोयते, विळे, छाटणीच्या कात्र्या मांडायच्या आणि शेजारी जीप धुऊन उभी करायची. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडूची माळ. हत्यारांच्या पूजेत गाडी कशाला, असं मी लहानपणी आईला विचारलं होतं. ज्याच्यावर घर चालतं ते सगळं पूजायचं, एवढंच ती म्हणाली. मला तेव्हा ते पटलं होतं.

बंदुकीपायी नानांना किती सोसावं लागायचं! परवान्याचं नूतनीकरण आलं की चौकशी: घरात भांडणं आहेत का, भावकीशी वाद आहे का, दारू पिता का. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागल्यावर परत आणायची. एकदा नानांना ताप होता म्हणून उशीर झाला, तर हवालदार घरी येऊन ओरडून गेला. गाडी चालवणाऱ्याला कुणी विचारत नव्हतं की बाबा, तुझं डोकं ठिकाणावर आहे का.

आमचं गाव पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, हायवेला लागून. नव्वदीच्या दशकात सगळीकडे द्राक्षं झाली होती आणि हंगामात क्रेट भरलेले टेम्पो पॅकहाऊसकडे नुसते पळायचे. भावकीतल्या एका चुलत्याचा मुलगा असाच टेम्पो हाणायचा. माझ्याहून लहान, मला ताई म्हणायचा. त्यानं एकाची बैलजोडी बुजवली होती, एका म्हातारीला पाण्याच्या चारीत पाडलं होतं. गाव हसलं होतं. पोरगं सुसाट आहे, असं लोक कौतुकानं म्हणायचे. त्या कौतुकाचा मला आजही संताप येतो.

दादा दुपारी मोपेडवरून जेवायला घरी येत होता. फाट्यावर त्या सुसाट पोरानं त्याला उडवलं. दादा जागीच गेला. रस्त्यावर फुटलेले क्रेट होते आणि द्राक्षांचा चिखल झाला होता. मी पोचले तेव्हा दोन माणसं चांगले घड वेगळे काढत होती. ती माणसं कोण होती ते मला माहीत आहे आणि मी त्यांच्या घरच्या कुठल्याही कार्याला आजवर गेलेले नाही.

त्या पोराला संध्याकाळच्या आत जामीन मिळाला. टेम्पो तर दहाव्याच्या आधीच सुटून आला, कारण माल थांबत नाही. आमच्या घरात रडारड चालू असताना तो टेम्पो दारावरून जाण्याचा आवाज आला. आईनं कानांवर हात दाबले.

खरा कडेलोट दहाव्याला झाला. सुतक भावकीला लागतं आणि तो भावकीतला. म्हणजे माझ्या भावाला मारणाऱ्याला माझ्या भावाचं सुतक होतं! नदीकाठी भाऊबंद डोकी करायला ओळीनं बसले होते, त्यात तोही येऊन बसला. मान खाली. दोघातिघांनी त्याला उठवायला हात घातला, तेव्हा नाना म्हणाले, "बसू द्या. सुतक त्यालाबी हाय. त्यानं नाय पाळलं तर माझ्या पोराला गती मिळायची नाय."

न्हाव्यानं त्याचं डोकं केलं. तो नदीत बुडी मारून वर आला आणि तिथंच सगळं फिरलं. दुसऱ्या दिवसापासून लोक त्याला दुखवट्यातला माणूस समजून बोलायला लागले. पाराजवळ मी माझ्या कानांनी ऐकलं, "तुझ्याबी जिवाला लय लागलं असंल रं." नानांना दादाची गती हवी होती, आणि त्या नादात त्यांनी त्याला मोकळं करून टाकलं. नानांची ती चूक मी त्यांना कधी माफ केली नाही.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "नाना, बंदूक काढा."

नानांनी करगोट्याची किल्ली सोडली. "काढतो," म्हणाले.

मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, आनंद झाला. नानांनी पेटी उघडली, बंदूक पुसली, काडतुसं मोजली, सगळं पोत्यात गुंडाळलं आणि जीपमध्ये ठेवलं. मी मागच्या सीटवर बसले. जीप चुलत्याच्या वस्तीकडे वळली नाही. सरळ पोलीस ठाण्यात गेली. नानांनी बंदूक जमा केली आणि परवाना रद्द करा म्हणून अर्ज दिला.

परत येताना मी किंचाळून विचारलं, का? ते म्हणाले, "घरात ऱ्हायली तर तू तरी वापरशील, नायतर मी तरी."

"मग जीपपण जमा करा की! गेला तो गाडीनंच ना?"

"जीपनं काय केलं? जीप कामाची हाय."

ह्या वाक्यानं माझं डोकं पेटलं आणि कित्येक वर्षं विझलं नाही. बागेत औषध फवारताना, घड विरळताना मी एकच गोष्ट घोकायची. जीप कामाची होती हे खरंच. तिनं आईला ऐन वेळेला नाशिकच्या दवाखान्यात पोचवलं होतं, गावातल्या बायकांना बाळंतपणाला नेलं होतं, आमच्या बागेचा पैसा तिच्यातूनच घरी आला. बंदुकीनं काय केलं? आवाज. एक बिबट्या पळवला, तोही दुसऱ्याच्या उसात. फायद्याचं बघायचं तर बंदूक जीपच्या पासंगालाही पुरत नाही. पण आमच्या गावात बंदुकीनं मेलेला माणूस मला आठवत नाही, आणि हायवेनं खाल्लेला माणूस प्रत्येक गल्लीत आहे. तरी गावाला धाक त्या कुलुपातल्या बंदुकीचा. गाडीचा सगळ्यांना अभिमान.

आणि घोकता घोकता मला एक गोष्ट कळली. मी त्याला बंदुकीनं मारलं तर जन्मठेप. गाडीनं मारलं तर संध्याकाळपर्यंत जामीन. हे मला त्यानंच शिकवलं होतं.

माझ्यासाठी स्थळं बघणं थांबलं होतं. बाग बघायला घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून नानांनी मला जीप शिकवली. त्यांना वाटलं पोरगी सावरली. परवाना काढायला एजंटानं कागद पुढं केले, मी मैदानात जीप थोडी पुढं, थोडी मागं घेतली आणि झालं. तुमचं कुणाशी वैर आहे का, असं मला कुणीही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाव-पत्ता सांगितला असता.

खटला चालला तो दोन हजार साल उलटून गेल्यावरही चाललाच होता. तारखांना मी नाशिकला जायची. ज्या भाऊबंदांनी फाट्यावर सगळं बघितलं होतं, त्यांना कोर्टात काही दिसलेलं नव्हतं. कुणी पाठमोरा होता, कुणी बिडी पेटवत होता. संशयाचा फायदा मिळून तो सुटला. कोर्टाच्या पायऱ्यांवर त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. त्या सगळ्या वर्षांत त्यानं एकदाही माझ्याकडे मान वर करून बघितलं नव्हतं, आणि तेवढंच माझ्या पदरात पडलेलं होतं.

त्याच हंगामात तो मला शिवाररस्त्यावर एकटा सापडला. ऊन चढलेलं. एका बाजूला पाण्याची चारी, दुसऱ्या बाजूला आमच्या बागेच्या तारा. त्याचा टेम्पो कुठंतरी पंक्चर झालेला असणार, कारण तो पायी चालला होता, टोपी मागं सरकवून, शीळ घालत. शीळ घालत! मी दुसरा गिअर टाकला. हॉर्नला हात लावला नाही, ब्रेकवर पाय ठेवला नाही. आवाज ऐकून त्यानं वळून बघितलं. मला ओळखलं, आणि मी थांबणार नाही हेही ओळखलं. ते मी त्याच्या चेहऱ्यावर बघितलं आणि मला फार बरं वाटलं.

त्यानं चारीत उडी मारली. तरी मडगार्ड त्याच्या गुडघ्यावर बसलंच. धक्क्यानं जीप दुसऱ्या बाजूच्या तारांत घुसली, लोखंडी अँगल वाकला आणि इंजिन बंद पडलं. शेजारच्या बागेतली माणसं धावत आली. मी काही बोलायच्या आत चारीतून त्याचाच आवाज आला. "ताईची चूक नाय. मीच मधी आलो. ॲक्सिडेंट हाय."

हवालदार आला तेव्हाही त्यानं हेच लिहून दिलं. मला साधं ठाण्यातसुद्धा बोलावलं नाही. बाईमाणूस, नवी शिकलेली, होतं असं, म्हणून हवालदार नानांच्या खांद्यावर थोपटून गेला.

आठवडाभरानं नाना म्हणाले, त्याला बघायला जाऊ. आजाऱ्याला भेटायला जायचं असतं, ते आमच्याकडे चुकत नाही. मी गेले, कारण मला त्याचा गुडघा बघायचा होता. तो खाटेवर पाय लांब करून बसला होता, मांडीपर्यंत प्लास्टर. भावकीतली पाचसहा माणसं घोंगडीवर बसली होती. कुणीतरी म्हणालं, बरं झालं, निभावलं. कुणी म्हणालं, दोन घरांचं आता सरळ होऊ द्या. चहा आला. नानांनी घेतला.

मला ते बघवलं नाही. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "मी मुद्दाम घातली जीप त्याच्या अंगावर. मला त्याला मारायचं होतं."

चुलती उठली, त्याची आई, आणि तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "असं बोलू नाय बाई. भावाच्या दुःखानं तुझं मन थाऱ्यावर नाय. गाडीच ती. कुणाच्या हातात ऱ्हाती का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. नानांनीसुद्धा. माझ्या हातात बंदूक असती तर ह्या लोकांनी मला एक शब्दही न विचारता दोरीनं बांधलं असतं. स्टिअरिंग होतं म्हणून मी वेडी ठरले, बिचारी ठरले, आणि गाडी हातात राहत नाही ह्याच हिशेबानं तो पुन्हा एकदा सुटला. नानांनी मान डोलावून त्याला सोडला.

लोक द्राक्षांच्या भावाबद्दल बोलायला लागले. त्या खोलीत माझं म्हणणं खरं मानणारा एकच माणूस होता, आणि तो खाटेवर बसून सरळ माझ्या डोळ्यांत बघत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"झालं ना ताई आता?" तो हळूच म्हणाला. "फिटलं ना?"

"नाही," मी म्हणाले. "तू अजून आहेस."