रिंगेचं तोंड

आमच्याकडे इंजिन कोणाचं, हे नारळावरून ठरतं. लाँचचं इंजिन उघडून, दुरुस्त करून परत बसवलं की सुरू करायच्या आधी त्याच्यापुढे नारळ वाढवायचा, आणि तो वाढवायचा ज्याच्या हातचं काम असेल त्या मिस्त्रीने. मग बंदरात वर्षानुवर्षं तेच बोललं जातं, हे अमक्याच्या हातचं इंजिन. रेवदंड्याच्या खाडीत माझ्या बाबांच्या हातची इंजिनं किती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. माझ्या हातचं एकही नव्हतं. आयटीआय करून आले, सात वर्षं त्यांच्या गॅरेजात हात काळे केले, पण नारळाची वेळ आली की तो बाबांच्या हातात. बाईमाणसाने नारळ वाढवायचा नसतो म्हणे. इंजिनाखाली उताणं पडून जळकं ऑइल तोंडावर घेतलेलं मात्र चालतं!

मला एक इंजिन हवं होतं. एकच. लोक 'तिच्या हातचं' म्हणतील असं. त्याशिवाय बाबांच्या पश्चात त्या गॅरेजात मला कोणी विचारणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं.

चौलला वाडीत बंगला बांधलेले मुंबईचे एक साहेब होते. त्यांच्या बोटीचं इंजिन आम्हीच बघायचो. एका शनिवारी ते आपली गाडीच घेऊन आले. दिसायला चारचौघींसारखी, पेट्रोलची. म्हणाले, हिला मोठा टर्बो लावायचाय, पॉवर दुप्पट पाहिजे. आता अलिबागच्या रस्त्याला खड्डे चुकवत तिसऱ्या गिअरच्या वर जाता येत नाही, तिथे दुप्पट पॉवर घेऊन हा माणूस काय करणार होता देव जाणे. पण हौसेला मोल नाही. सामान त्यांनी आधीच मागवलं होतं: टर्बो, जाड पिस्टन, आणि पिस्टनवर चढवायच्या रिंगांचे दोन संच, एक वापरायला, एक जास्तीचा.

बाबांनी टर्बोवाली गाडी जन्मात उघडली नव्हती. पण 'न्हाय' म्हणायची त्यांना सवय नव्हती. साहेब गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, ह्ये तुझं. तू शिकलीस ना?"

मी दोन महिने त्या इंजिनात राहिले म्हणा ना. फोनवर व्हिडिओ बघितले, पनवेलच्या लेथवाल्याचं डोकं खाल्लं, ब्लॉक घासून आणला, क्रँक तोलून आणला. टर्बो म्हणजे काय, तर धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा ठासून भरतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त आग. आणि सगळी गोम त्या आगीत आहे. रिंग म्हणजे काही अखंड कडं नव्हे, तिला एके ठिकाणी फट असते. आम्ही तिला रिंगेचं तोंड म्हणतो. रिंग तापली की फुगते आणि ते तोंड मिटत जातं. टर्बोच्या आगीत ती इतकी फुगते की तोंड आधीच जास्त उघडं ठेवावं लागतं. नाहीतर दोन्ही टोकं एकमेकांवर आपटतात आणि रिंग पिस्टनलाच फोडते. म्हणून अशा रिंगा मुद्दाम मिटल्या तोंडाच्या येतात. ज्याने त्याने आपापल्या इंजिनाप्रमाणे कानशीने घासून घ्यायच्या.

मी घासल्या. एकेक रिंग सिलिंडरात उतरवायची, फिलरची पातळ पट्टी घालून तोंड मोजायचं, दोन हात कानस मारायची, परत मोजायचं. बाबा चहाचा ग्लास घेऊन मागे उभे.

"येवढं तोंड? अगं, ही तर म्हातारी रिंग झाली."

त्यांचंही खोटं नव्हतं. लाँचचं इंजिन दिवसभर एका चालीत चालतं, गार करायला खाली अख्खा दर्या. तिथे तोंड उघडलेली रिंग म्हणजे झिजलेली रिंग. ऑइल पिणार, धूर सोडणार. बाबांचा तर त्यावर एक ठरलेला विनोद होता, "रिंगेचं आनी बायकोचं तोंड मिटलेलं बरं." लाँच चालवणारा तांडेल, त्याचे खलाशी, सगळे खो खो हसायचे. मीही हसायचे, मूर्खासारखी.

त्या दिवशी मात्र मी हसले नाही. म्हटलं, "बाबा, हे लाँचचं इंजिन नाही."

ते चहाचा ग्लास घेऊन बाहेर गेले. मला वाटलं, पटलं.

मग रोह्याला चुलतबहिणीची हळद आणि लग्न आलं. घासलेल्या रिंगा मी सिलिंडरचे नंबर टाकून कागदावर मांडून ठेवल्या आणि दोन दिवस तिकडे गेले; बाबा गॅरेज बघायला मागे राहिले. परत आले तर इंजिन जोडून बंद केलेलं. पिस्टन आत, वर हेड चढलेलं.

"तू दमून येशील म्हनून मीच बसवलं," बाबा म्हणाले.

"रिंगा त्याच ना, मी मांडलेल्या?"

"मंग कुठल्या?"

जास्तीच्या संचाचा डबा समोर फळीवर होता. मी तो उघडून बघितला नाही. बापाने सांगितल्यावर डबा उघडायचा असतो का?

इंजिन गाडीत बसलं. नवी मुंबईहून लॅपटॉपवाला येऊन टर्बोप्रमाणे पेट्रोलचं गणित बसवून गेला. सुरू करायच्या दिवशी साहेब होते, तांडेल होता, अजून चार माणसं होती. सगळ्यांसमोर बाबांनी नारळ माझ्या हातात दिला. "तुझं इंजिन, तूच वाढव." एका फटक्यात फुटला. इंजिन पहिल्या सेल्फला लागलं आणि मी सगळ्यांदेखत रडले. त्यांनी तो नारळ मला मायेने दिला की मनात धाकधूक होती म्हणून दिला, हे मला आजही ठरवता येत नाही. ठरवायचं म्हटलं की संताप येतो.

हजार किलोमीटर साहेबांनी मी सांगितल्याप्रमाणे गाडी सावकाश चालवली. मग पहिल्यांदा पूर्ण दाबली, आणि गाडी निळा धूर ओकत जागच्या जागी मेली. क्रेनवर घालून आणली. गॅरेजात तेव्हा तांडेल बसला होता, त्याचे खलाशी होते.

"हे काम कोणाचं?" साहेबांनी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "नारळ पोरीने वाढवला ना, साहेब. इंजिन तिचंच."

मी मान खाली घातली. मला खरंच वाटलं, माझं मोजायचं चुकलं. साहेबांची माफी मागितली, तांडेलासमोर, खलाशांसमोर.

दुसऱ्या दिवशी एकटीने इंजिन उघडलं. दोन पिस्टन रिंगेच्या खाचेपाशी फुटलेले. रिंगांचे तुकडे पुसून उजेडात धरले. टोकं कारखान्यातून आली तशीच होती, एकालाही कानस लागलेली नव्हती, आणि एकमेकांवर आपटून चकाकत होती. मग मी तो डबा उघडला. माझ्या घासलेल्या रिंगा आत नीट ठेवलेल्या. नंबराच्या कागदासकट.

तुकडे तळहातावर घेऊन बाबांपुढे गेले. म्हटलं, "ह्या माझ्या रिंगा नाहीत."

त्यांनी एक तुकडा उचलून टोकावरून अंगठा फिरवला. ह्या वेळी खोटं बोलले नाहीत, तेवढं श्रेय देते.

"सैल काम माझ्या गॅरेजातून भाईर जायला नको, म्हनून बदलल्या," ते म्हणाले.

"मग काल सांगायचं होतं साहेबांना."

"बाय, तू पोर हायस. तुला लोक माफ करतील. मला न्हाय करनार."

आणि अगदी तसंच झालं. साहेब म्हणाले, जाऊ दे, प्रयत्न तर केला. तांडेल म्हणाला, पोरीची जात, व्हायचंच असं, मनाला लावून नको घेऊस. खलाशांनीही समजूत घातली. सगळ्या बंदराने मला माफ केलं, आणि त्यानंतर आजवर एकाही माणसाने मला त्याचं इंजिन उघडू दिलेलं नाही.