शांतवनने वाटून टाकलेले गोळे

शांतवन भालेराव गेल्याची बातमी मला बेलापूरच्या हनीफमास्तरांनी फोनवर दिली. मास्तरांचा लग्नाचा बँड आहे आणि ते एरवी फोनवरही मोठ्यानेच बोलतात. त्या सकाळी मात्र आवाज इतका खाली होता की मला पुन्हा विचारावे लागले. "शांतवन गेला... झोपेतच. वहिनी म्हणाल्या, तुम्हाला कळवा." मी नगरहून श्रीरामपूरला दफनविधीला पोहोचलो. त्याला आता काही आठवडे झाले. आम्ही दोघे शाळेपासूनचे मित्र. मी बातमीदार झालो, तो एका साखर कारखान्यात लेथवर लोखंड कातणारा टर्नर.

तो कारखाना बंद पडल्यावर शांतवनने भिंगारमधल्या एका मोडीत निघालेल्या वर्कशॉपमधला जुना लेथ, काम घट्ट धरायचा एक व्हाइस आणि अवजारांची पेटी टेम्पोत घालून आणली आणि राहत्या घराच्या पुढच्या खोलीला शटर लावले. कामे येतील असा त्याचा हिशेब होता, पण पंपाचे शाफ्ट लोक आता नवेच घेत आणि ट्रॅक्टरची कामे मोठ्या वर्कशॉपकडे जात. पुण्याला नोकरी करणारा मुलगा नवरा-बायको दोघांना तिकडे बोलावत होता. मार्थावहिनींनी नाताळपर्यंतची मुदत दिली होती : तोवर दुकान चालले नाही, तर लेथ भंगारात आणि दोघेही पुण्याला. शांतवन वाद घालत नसे. "तिथं मी करू काय? गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहू?" एवढेच तो एकदा माझ्याजवळ म्हणाला.

पेटीच्या तळाशी तेलकट फडक्यात पोलादी गोळे निघाले. अंड्यासारखे लांबट, आरशासारखे गुळगुळीत, प्रत्येकाला आरपार भोक आणि भोकात आटे. सगळ्यात लहान गोळा बोराएवढा, मोठा नारळाच्या वाटीत मावेल एवढा. इतक्या वर्षांच्या कामात असले अवजार त्याने पाहिले नव्हते. त्याने एक गोळा हातात धरून फोटो पाठवला आणि तो मी आमच्या जिल्हा पानावर छापला. वाचकांचे फोन आले. कोणी म्हणाले साखर कारखान्यातले पाइप साफ करायचे, कोणी म्हणाले रंग दळायच्या यंत्रातले, एकाने तर जनावरांच्या दवाखान्याचा पत्ता दिला. एकही उत्तर पटण्यासारखे नव्हते. काही दिवस शांतवनने वाट पाहिली आणि मग तो गोळे वाटू लागला. त्याच्या हातात कोणतीही वस्तू फार काळ टिकत नसे, मागणारा भेटायचा अवकाश. ताराबाईंनी चहाच्या गाड्यावर आले कुटायला एक नेला, भिकाजी गवंड्याने ओळंब्यासाठी एक नेला, एक चर्चच्या पडद्याच्या दोरीला लटकला, आणखी काही गल्लीत घरोघरी गेले. त्याच्याकडे मोठेच तेवढे उरले.

ढोलाचे कातडे ताणायच्या सळईला आटे पाडून घ्यायला हनीफमास्तर त्याच्याकडे आले, ते नाताळाच्या जरा आधी. काम होईपर्यंत चहा घ्यावा म्हणून ते गाड्यावर गेले आणि ताराबाईंच्या हातातला गोळा पाहून कप तसाच ठेवून परत आले.

"भालेराव, हे आलं कुटायचं न्हाई. ट्रम्पेटचे पोचे काढायचं हाय!"

लहानपणी वडिलांबरोबर मास्तर परगावच्या एका कारागिराकडे वाद्ये दुरुस्तीला घेऊन जात. गोळा सळईवर बसवून नळीत घालायचा आणि दबलेला पत्रा आतून हळूहळू वर आणायचा, एवढे त्यांना आठवत होते. तो कारागीर गेल्यापासून जिल्ह्यातले बँडवाले पोचे पडलेलीच वाद्ये वाजवत होते. भिंगारच्या त्या वर्कशॉपमध्ये असे काम होत असावे, हा आमचा तर्क. सांगायला कोणी उरलेले नाही.

दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी टेम्पोतून पडलेला ट्रम्पेट आणून दिला. लग्नाची तारीख जवळ होती. शांतवनने उरलेल्यांतला सर्वांत लहान गोळा नळीत ढकलला आणि तो वळणावर अडकला. पुढे जाईना, मागे येईना. मी त्या दिवशी तिथे होतो. वहिनी आतल्या खोलीत भंगारवाल्याशी फोनवर भाव ठरवत होत्या. नुसत्या ठोकाठोकीला कंटाळून त्या बाहेर आल्या, ट्रम्पेट मांडीवर घेतला आणि डोळे मिटून नळीवरून बोटे फिरवू लागल्या.

"हितं हाय. आन् अडकलाय तो वळणामुळं न्हाई, पोचा त्याच्या पुढं हाय. आधी बारका घालायला हवा हुता."

"बारका ताराबाईकडं हाय."

"मग बसलाय कशाला? जा की!"

ताराबाईंनी सरळ नकार दिला. "दिलेली वस्तू परत मागतोस व्हय? मंग आलं कशानं कुटू, तुझ्या डोक्यानं?" पितळी खलबत्त्यावर सौदा झाला. मग बाकीचे गोळे परत मागत आम्ही दोघे गल्लीभर फिरलो. नवे गोळे करणे शांतवनला अवघड नव्हते, पण कोणत्या मापानंतर कोणते माप हे फक्त तो संचच सांगू शकत होता. भिकाजी गवंडी तेवढा ऐकेना. "ह्यो आल्यापासनं माझी एक भिंत वाकडी गेली न्हाई."

"आधी जात हुत्या, असं म्हन की!" शांतवन म्हणाला आणि परांचीवर चढून त्याने माप घ्यायला लोंबत्या ओळंब्यालाच कॅलिपर लावला. तेवढा एक गोळा त्याने लेथवर स्वतः केला.

दुसऱ्या तोंडाने बारक्यापासून चढत्या मापाने एकेक गोळा घातला, तसा पोचा निघाला आणि अडकलेला गोळाही निघाला. लग्नात तो ट्रम्पेट वाजला. ऐकून दुसऱ्या बँडचा माणूस आला, मग नेवाशाचा, मग संगमनेरचा. नाताळ झाला, भंगारवाल्याचा फोन वहिनींनी उचलला नाही. पुढची वर्षे त्या दोघांची कामाची पद्धत तीच राहिली : तो सळई सरकवायचा, त्या बाहेरून बोटांनी सांगायच्या. "थांब... मागं... जरा डावीकडं." भांडणे मी त्या खोलीत बरीच ऐकली, सगळी पत्रा किती उचलायचा यावरची.

गेल्या आठवड्यात श्रीरामपूरला गेलो तेव्हा शटर उघडे होते. बाहेर टेम्पो उभा होता, आत बाकावर बँडचा मोठा पितळी भोंगा आणि त्यापाशी मार्थावहिनी डोळे मिटून बसलेल्या. सळईच्या टोकाला हनीफमास्तर घामाघूम. मुलाने पुन्हा बोलावले आहे, असे मला कळले होते, म्हणून मी विचारले.

"येते म्हनलंय, सुट्टीला," वहिनी म्हणाल्या. "लग्नं उरकली की."

मास्तरांनी सळई बाहेर काढली. "झालं वहिनी. बास आता. शांतवननं एवढंच उचललं असतं."

वहिनींची बोटे पत्र्यावरून पुन्हा एकदा फिरली आणि एका जागी थांबली.

"व्हय, त्यानं एवढंच उचललं असतं," त्या म्हणाल्या. "पुढचा गोळा द्या."